बिनतारी कुलपाची कथा

तारेंतून जाणारा संदेश चोरावयाचा, तर चोरास तारेपर्यंत पोंचावें लागतें. बिनतारी लहरी मात्र भिंत ओलांडून शेजाऱ्याच्या घरांतही जातात. म्हणून १९९७ सालीं वाय-फायचें पहिलें प्रमाण ठरलें, तेव्हांच त्यास 'वेप' नांवाचें कुलूप जोडण्यांत आलें. नांवाचा आशय 'तारेइतकी गुप्तता' असा होता. करणी तशी नव्हती.

किल्ली कायमचीच असल्यानें प्रत्येक खेपेस तिला एक नवा अंक जोडावयाचा, अशी योजना होती. परंतु अंक अवघा २४ बिटांचा. म्हणजे एकंदर अंक सुमारें १ कोटि ६७ लक्ष. गजबजलेल्या जाळ्यांत ते कांहीं तासांतच सरत व जुने पुन्हां येत. २००१ सालीं फ्लूरर, मांटिन व शामीर यांनीं याहून खोल वैगुण्य दाखविलें. २००७ मध्यें डार्मस्टाटच्या संशोधकांनीं तें कुलूप मिनिटभरांत उघडलें.

२००३ मधील 'डब्ल्यूपीए' ही जुन्या यंत्रांसाठीं केलेली डागडुजी होती. २००४ च्या 'डब्ल्यूपीए-२' नें 'एईएस' ही खुल्या स्पर्धेंत पारखलेली गुप्तलेखनपद्धति स्वीकारली. २०१७ मध्यें त्याच्याही किल्ली ठरविण्याच्या रीतींत फट सापडली. ती बुजवितां आली. २०१८ सालीं 'डब्ल्यूपीए-३' आलें.

गृहस्थानें हेंच शेवटचें निवडावें; जुन्या यंत्रास तें न पेलल्यास 'एईएस'सह दुसरें. 'वेप' मात्र कदापि नको. उघड्या दारापाशीं माणूस निदान जागा राहतो. मोडकें कुलूप त्यास निश्चिंत झोपवितें.