खंडित शिक्षण आणि वयाची अट

बाबासाहेबांच्या १९१३ सालच्या कोलंबिया-प्रयाणापेक्षा १९२० सालचे दुसरे प्रयाण आम्हांस अधिक बोधक वाटते. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट राहिले. मात्र चार वर्षांच्या आत परतण्याची विद्यापीठाची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली होती. या दूरदृष्टीची चर्चा फारशी होत नाही. सिडनहॅम कॉलेजातील पगाराची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेनांचे कर्ज यांच्या बळावर, एकोणतिसाव्या वर्षी, संसार मागे ठेवून ते निघाले. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी. झाले.

जालना जिल्ह्यातील जांब समर्थसारख्या गावचा तिशी ओलांडलेला पदवीधर 'आता वय गेले' म्हणतो. परंतु त्याच शाहू महाराजांच्या नावे असलेल्या शासकीय परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्धांना पदव्युत्तर शिक्षणासाठी ३५, पीएच.डी.साठी ४० वर्षांची मर्यादा आहे. विद्यापीठाचे विनाअट प्रवेशपत्र मात्र आधी मिळवावे लागते.