पंचगंगेचे पाणी आणि पाच दिवसांची परीक्षा

बाटलीत बंद केलेल्या पाण्यातील जिवाणू पाच दिवसांत किती प्राणवायू वापरतात? सांडपाणी मोजण्याची ही कसोटी इंग्लंडमधील रॉयल कमिशनने १९१२ च्या अहवालात मांडली. तिला बीओडी म्हणतात. उष्ण हवामानाच्या भारतात ती २७ अंशांवर तीन दिवसांची झाली.

घरगुती मैलापाण्याला ती चोख लागू पडते. कोल्हापूरची अडचण निराळी. गडमुडशिंगीच्या परिसरात गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, पलीकडे शिरोलीची, तर इचलकरंजीत कापड रंगवणारे कारखाने. धातू वा रसायने जिवाणूंनाच मारक ठरली, तर प्राणवायू खर्चच होत नाही आणि विषारी पाणी कागदावर स्वच्छ दिसते! म्हणून दुसरी परीक्षा, सीओडी: नमुना डायक्रोमेट व तीव्र आम्लात दोन तास उकळायचा. हा आकडा बीओडीच्या कितीतरी पट निघाला, की नागरी गटारात कारखान्याचे पाणी मिसळल्याचा संशय बळावतो. जड धातूंसाठी मात्र वेगळीच तपासणी लागते.

कायद्यात महाराष्ट्र मागे नव्हता. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ चा, प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चे. केंद्राचा कायदा आला १९७४ मध्ये. तरीही जयंती नाला शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे पंचगंगेत ओतत राहिला.

२०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली आणि प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. दूषित पाण्यातून पसरणारी ही कावीळ विषाणूंची. बीओडी आणि सीओडी, दोन्ही परीक्षांना ते दिसत नाहीत.