रिकाम्या आकाशाचा इतिहास : मेजर गिल यांची अजिंठ्याची छायाचित्रे

भुसावळजवळच्या दीपनगरात औष्णिक विद्युत केंद्राची धुरांडी दुरूनच नजरेत भरतात. एक धुरांडे आणि त्यामागील मोकळे आकाश, एवढेच घेऊन कोणी छायाचित्र काढले, तर आजच्या कलाभाषेत त्यास 'मिनिमलिस्ट' म्हणजे मोजक्या वस्तूंचे चित्र म्हणतात. थोडे दाखवून अधिक सुचवावे, असे या शैलीचे सांगणे आहे. तिला विसाव्या शतकाची देणगी मानतात. परंतु चित्रातील रिकाम्या जागेचा अर्थ काय, हा प्रश्न खानदेशाच्या सीमेलगत अजिंठ्यास त्यापूर्वीच उपस्थित झाला होता. त्याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठ्याचे दहावे लेणे पडले. पुढे १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक केली. त्या कामात त्यांची अनेक वर्षे गेली. मात्र १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बहुतेक प्रतिकृती भस्मसात झाल्या. दरम्यान गिल यांनी कॅमेरा हाती घेतला होता. त्यांची ७४ छायाचित्रे व जेम्स फर्ग्युसन यांचे विवेचन असलेला भारतातील शैलगृहांवरील ग्रंथ १८६४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. १८७९ साली गिल मरण पावले. त्यांची कबर भुसावळ येथे आहे.

त्या काळी फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची पद्धत रूढ होती. काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची आणि ओली असतानाच चित्र घेऊन तेथल्या तेथे धुवावयाची. हा लेप मुख्यतः निळ्या प्रकाशास प्रतिसाद देई. त्यामुळे निळे आकाश आणि पांढरे ढग यांतील भेद मिटे व छापात आकाश कोरे उमटे. हिरवी झाडी काळवंडे. प्रकाशास वेळ लागत असल्याने स्थिर वस्तू स्पष्ट येत आणि चालता मनुष्य पुसट होई किंवा नाहीसाच होई. आज आपणांस संयमित वाटणारी ती रिक्तता पुष्कळ अंशी रसायनाने लादलेली होती.

परंतु सर्वच अभाव रसायनाचा नव्हता. काचा, रसायने, तंबू आणि पाणी वाहून नेल्यावाचून हे काम होत नसे. ते ओझे वाहणाऱ्यांची नावे अशा ग्रंथांत येत नसत. त्या काळच्या वास्तुचित्रांत मनुष्य उभा केला जाई तो बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून.

याउलट दहाव्या लेण्याकडे पाहावे. सातवाहनकालीन या चैत्यगृहातील स्तूप साधा आहे. त्यावर बुद्धमूर्ती नाही. पाचव्या शतकातील एकोणिसाव्या व सव्विसाव्या लेण्यांत ती आली. सांचीच्या पूर्व तोरणावर महाभिनिष्क्रमणाचा प्रसंग आहे. तेथे घोड्यावर स्वार नाही, केवळ छत्र धरलेले आहे. या प्रथेच्या कारणांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तरीही तेथे कोण अनुपस्थित आहे, हे उपासकास ठाऊक असे. शिवाय दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागाचे दान देणाऱ्या वासिठिपुत कटहादि याचे नाव ब्राह्मी लिपीत तेथेच कोरलेले आहे. मूर्ती नसलेल्या त्या वास्तूने दात्याचे नाव जपले.

अलीकडचे उदाहरण घेऊ. इंग्लंडमधील मायकेल केन्ना यांनी १९८४ पासून रॅटक्लिफच्या कोळशावरील वीजकेंद्राची छायाचित्रे घेतली. मनोरे, वाफ आणि काळोख एवढाच त्यांचा विषय. ती चित्रे सुंदर आहेत. परंतु तेथे राबणारे कामगार त्यांत दिसत नाहीत. ते केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. आता तेथील श्रमाची साक्ष या चित्रांतून मिळणार नाही. ती अन्यत्र शोधावी लागेल.

दीपनगरची धुरांडी अद्याप उभी आहेत. आमच्या तरुणांनी त्यांची मोजक्या रेषांची चित्रे जरूर घ्यावीत. थोडे दाखविणे हा दोष नव्हे. मात्र चौकटीबाहेर कोण राहिले, हे स्वतःस विचारावे, आणि कोळसा व राख उपसणाऱ्यांची नावे निदान चित्राखाली तरी लिहावीत. वासिठिपुत कटहादि याचे नाव दोन हजार वर्षांनंतरही आम्ही वाचू शकतो. गिल यांच्या काचा वाहणाऱ्यांची नावे त्याच वेळी लिहिली गेली असती, तर तीही आज वाचता आली असती.