धुराचा बाजार

१९९७ च्या क्योटो करारात धूर सोडण्याची मुभा ही खरेदी-विक्रीची वस्तू बनली. २००४ साली डर्बन येथे जमलेल्या चळवळींनी वातावरणाची अशी मालमत्ता करण्यास जाहीर विरोध केला; पण ऐकतो कोण? २००५ मध्ये युरोपात बाजार भरलाच. परवाने बहुतेक फुकट वाटले, तेही गरजेहून अधिक. २००७ साली त्यांचा भाव जवळजवळ शून्यावर आला. तत्पूर्वी वीजकंपन्यांनी फुकटच्या परवान्यांची किंमत ग्राहकांच्या माथी मारून नफा कमावला होता.

आम्हां कामगारांना हा न्याय नवा नाही. दंड भरून यंत्रांचे दाते उघडेच ठेवणारे मालक आम्ही पाहिले आहेत. दंड वसूल झाला. तुटलेली बोटे मात्र परत आली नाहीत.