नेटवर्क ब्रिजचे अविश्वसनीय उपकरणांपासून संरक्षण

जबलपूर जिल्ह्यातील शहपुरा हा एक विकासखंड आहे. केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केलेल्या आणि पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेच्या रचनेनुसार, अशा विकासखंडांपासून ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेला जातो. मात्र कार्यालयात त्यापुढे कोणती उपकरणे जोडली जातील, यावर जाळे चालवणाऱ्यांचे नियंत्रण राहतेच असे नाही. त्यामुळे कार्यालयीन जाळ्यातील ब्रिजचे संरक्षण महत्त्वाचे ठरते.

ब्रिजचे कार्य

जाळ्याचे भाग परस्परांना जोडणाऱ्या उपकरणास ब्रिज म्हणतात. स्विच हा अनेक जोडण्यांचा ब्रिजच होय. जोडण्यांचे वर्तुळ तयार झाल्यास त्यात माहिती अखंड फिरत राहते आणि जाळे ठप्प होते. हे टाळण्यासाठी रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये 'स्पॅनिंग ट्री' पद्धत विकसित केली. १९९० मध्ये तिचा आयईईई ८०२.१डी या मानकात समावेश झाला. या पद्धतीत ब्रिज सामान्यतः दर २ सेकंदांनी 'बीपीडीयू' हे संदेश पाठवतात. सर्वांत लहान ओळखक्रमांकाचा ब्रिज 'रूट' ठरतो आणि जादा मार्ग बंद ठेवले जातात.

धोका

हे संदेश खरे आहेत काय, हे पडताळण्याची सोय या पद्धतीत नाही. ब्रिजचा प्राधान्यक्रम मुळात ३२७६८ असतो. त्याहून लहान क्रमांक सांगणारे कोणतेही उपकरण रूट होऊ शकते आणि वाहतुकीचे मार्ग बदलू शकतात. त्यामागे दुष्ट हेतूच असावा लागतो असे नाही. अजाणतेपणी जोडलेला जुना स्विचही त्यास पुरेसा असतो.

उपाय

संगणकांसाठीच्या जोडणीवर 'बीपीडीयू गार्ड' ठेवल्यास असा संदेश येताच ती जोडणी बंद होते. जेथे दुसरा स्विच जोडणे आवश्यक असते, तेथे 'रूट गार्ड' वापरतात. वरचढ संदेश येत असेपर्यंत ती जोडणी रोखली जाते आणि ते थांबल्यावर आपोआप पूर्ववत होते. संदेश केवळ गाळून टाकणारा 'बीपीडीयू फिल्टर' मात्र जपून वापरावा लागतो, कारण त्यामुळे वर्तुळ तयार झाल्याचे ब्रिजला कळतच नाही.

स्पॅनिंग ट्री कोलमडल्यास काय होते, हे नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथील बेथ इस्रायल डिकनेस रुग्णालयात दिसून आले. तेथे बाहेरचा हल्ला झाला नव्हता. जाळे मर्यादेपलीकडे वाढले होते. तरीही रुग्णालयाला काही दिवस कागदी नोंदींवर काम करावे लागले. पंचायतीत दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थालाही जाळे बंद पडल्यास रिकाम्या हाताने परतावे लागते.