उजेडाचें माप

आगाशीच्या जुन्या कौलारू घरांना उजेडाचें माप कोणी घालून दिलें नव्हतें. केळी-माडांच्या वाड्यांमुळें दोन घरांत आपोआप अंतर राही. मुंबईला मात्र तें माप संकटानें शिकविलें. १८९६ सालीं प्लेग आला आणि कोंदट चाळींचा दोष उघड झाला. १८९८ मध्यें स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें पुढें नियम पुरस्कारिला: खोलींत येणाऱ्या उजेडाची रेषा ६३.५ अंशांहून उभी नसावी. म्हणजेच समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्म्यानें जागा मोकळी हवी.

आज विरारकडून बोळिंजमार्गें बहुमजली इमारती आगाशीच्या दिशेनें सरकत आल्या आहेत. ४० फूट उंचीस २० फूट मोकळीक, हा हिशेब अजून जुना झालेला नाहीं. दर्शनी नक्षी कितीही सुबक असो. तळमजल्यावर भरदुपारीं दिवा लावावा लागत असेल, तर ती रचना फसलीच म्हणावयाची.