सुई की सुरी?

तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांना नेत्रवैद्यकाची मोठी आवड. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत.

मोतीबिंदूसाठी त्या काळी जगात दोन हत्यारे होती: सुई आणि सुरी. सुई फार जुनी. सुश्रुतसंहितेतील शलाकेचे टोक जवाच्या दाण्यासारखे असे. सुईने गढूळ भिंग नजरेच्या वाटेतून बाजूला ढकलत. रुग्णाला दिसू लागे. पण भिंग डोळ्यातच राही आणि पुढे दाह होऊन किंवा दाब वाढून अनेकांची दृष्टी जाई.

युरोपातले वैद्य तर मोतीबिंदू म्हणजे भिंगापुढचा पडदा असेच मानत. १७०५ मध्ये फ्रान्समधील ब्रिसो यांनी मृत सैनिकाचा डोळा कापून पाहिला. पडदा नव्हताच, भिंगच गढुळले होते! १७४७ मध्ये एका रुग्णावर सुई चालेना, तेव्हा दाव्हिएल यांनी डोळा उघडून भिंगच बाहेर काढले. या पद्धतीसाठी मग त्यांनी सुरी, वाकडी कात्री आणि चिमुकला चमचा अशी हत्यारे निवडली.

वर्गात विचारून पहा: आधी काय बदलले, हत्यार की समजूत?